सहा अंश उशीर

दोन खुणा असतात, पाश्क म्हणतो.
एक वर, कॅमशाफ्टवर, केसाएवढी चीर.
एक खाली, क्रँकच्या पुलीवर, अंशांची पट्टी.
वरची नीट जुळवायची,
मग वाकून बघायचं, खाली किती वाजलेत.

मी वाकते, टॉर्च दातांत धरून.
शून्य यायला हवं होतं.
सहा.
खालचं सहा अंश पुढे निघून गेलंय
आणि वरच्याला अजून पत्ता नाही.

म्हणजे वर्षभराचा तो पांढरा धूर,
पुकाच्या घाटात तिसऱ्या गिअरला लागलेली धाप,
सकाळचं खोकणं,
सगळ्याचं खापर मी डिझेलवर फोडत होते.
पंपवाल्या झेफशी भांडलेसुद्धा.
"साखळी ताणली म्हणून गाडी बंद पडत नाही," पाश्क म्हणतो,
"म्हणून तर कळत नाही."

बुनाच्या पुलाअलीकडे, अंजिराखाली त्याचं गॅरेज.
पिकलेली अंजिरं तेलकट फरशीवर पडतात
आणि बुटांखाली जातात.
गाडी एकोणऐंशीची मर्सिडीज,
आधी हॅनोवरची टॅक्सी, मग बाबांची,
आता श्कोद्रा ते पुका, सहा माणसं आणि कधी एक मेंढरू, माझी.

इंजिन उतरवायचं नाही.
एकच कडी घासायची, खाली चिंध्या कोंबून
(लोखंडाचा कण आत गेला तर रडत बसा),
पिन ठोकून काढायची,
जुनीच्या शेपटाला नवीचं तोंड जोडायचं,
आणि सत्तावीसचा पाना लावून क्रँक फिरवायचा,
हाताने, चतकोर चतकोर.
जुनीच नवीला आत ओढून नेते.
एकाने फिरवायचं, एकाने वर साखळी ताणून धरायची.
ढील पडली की दात सुटतो.
दात सुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर.

मी फिरवते. तो धरतो.
त्याच्या अंगठ्याला कंप आहे,
साखळी हातात आली की थांबतो.

अर्धी आत गेली असेल,
तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला,
"द्राने, सत्त्याण्णव साली तुझ्या बापाला मी नवी घातली नव्हती."

मी फिरवत राहिले.
सोडणार कसा पाना?

"रस्ते बंद. रात्रभर गोळीबार. जर्मनीहून काय डोंबल येणार होतं!
मिलोतजवळ नाल्यात एक जळकी गाडी पडली होती,
तिची काढली. रॉकेलात धुतली.
पैसे नवीचे घेतले."

जुनी एकेक कडी वर येत होती
आणि पातेल्यात उतरत होती,
जपमाळ ओढावी तशी, पण फार घाण.

"चांगली निघाली पण," तो म्हणाला. "पंधरा वर्षं."

मला तो खोका आठवला.
निळा, जर्मन अक्षरांचा,
बाबांनी गल्लीभर मिरवत आणलेला.
चौथीपर्यंत माझ्या पेन्सिली त्यात असायच्या.
माझ्या सगळ्या वह्यांना ग्रीसचा वास होता.

"मग खोका कुठला?"
"दुसऱ्या गिऱ्हाइकाचा."
"त्याला तरी नवी घातलीस?"
साखळी हातभर ताणली गेली. तो हसला, की नुसता श्वास होता.
"त्याला हो. तो पोलीस होता."

नवी फिरून वर आली. टोकं जुळली.
जोडकडीची पिन त्याने असल्या हळुवार ठोकली
की बाबांना खांदा देतानासुद्धा तो इतका जपून चालला नव्हता.
दोन्ही खुणा पाहिल्या.
शून्य.
पुन्हा दोन फेरे दिले, पुन्हा पाहिल्या. शून्यच.

मग पंपाचं टायमिंग.
वाकड्या नळीच्या टोकाशी डिझेलचा थेंब,
सेकंदाला एक पडला की जमलं.
दोघं गुडघ्यांवर बसून
आम्ही थेंब मोजत राहिलो.
बोलण्यासारखं बरंच होतं,
पण मोजताना बोलता येत नाही.

पहिल्या चावीला सुरू झाली.
धूर नाही.
अंजिरावरच्या चिमण्या उठल्यासुद्धा नाहीत.

पैसे तो घेईना.
मी नोटा फरशीवर ठेवल्या,
उडू नयेत म्हणून वर सत्तावीसचा पाना.

निघताना खिडकीतून त्याने खोका आत सरकवला.
या वेळचा पिवळा.
मी कानाशी धरून हलवून पाहिला.

रिकामा.